फिट दिसते, पण अपस्मार नसतो: मानसजन्य झटके ओळखणं आणि निदान पक्कं करणं

गोदाकाठ_न्यूरो

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतले एमओ (सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी), फॅमिली डॉक्टर, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढणारे टेक्निशियन, समुपदेशक इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा. विषय पीएनईएस, म्हणजे मानसजन्य झटके. बघणाऱ्याला झटका अपस्मारासारखाच दिसतो, पण त्या वेळी मेंदूत अपस्माराचा विद्युतस्राव सुरू नसतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये कोड एफ४४.५, आयसीडी-११ मध्ये ६बी६०.४. पेशंट नाटक करत नसतो, झटका त्याच्या ताब्यात नसतो. हे आधीच सांगतो, कारण पुढची लक्षणं वाचून कुणी "पकडलं!" असा सूर लावला तर निदान बरोबर येऊनही पेशंट हातचा जातो.

औषधांना दाद न देणाऱ्या फिट म्हणून मोठ्या अपस्मार केंद्रांत पोचणाऱ्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांना अपस्मार नसून हा आजार असतो. जर्मनीतून २००२ साली आलेल्या एका अभ्यासात पहिल्या झटक्यापासून खऱ्या निदानापर्यंतचा सरासरी काळ सात वर्षांहून जास्त निघाला. तेवढी वर्षं नको त्या गोळ्या चालू.

आता काय बघायचं.

वेळ. अंग ताठ होऊन मग उडणारा अपस्माराचा मोठा झटका बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत आपोआप थांबतो. मानसजन्य झटका पाच-दहा मिनिटं, कधी अर्धा तास चालतो, मध्ये शांत होतो, पुन्हा उसळतो. नातेवाइकांना "किती वेळ?" एवढंच विचारलं तर नंतरची गुंगी धरून सगळेच "पंधरा मिनिटं" सांगतात. हातपाय उडणं किती वेळ आणि मग नुसतं पडून राहणं किती वेळ, असं तोडून विचारा.

लय. अपस्मारात आधी ताठपणा, मग बारीक थरथर, मग मोठे हिसके. हिसक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि झटका संपतो. मानसजन्य झटक्यात वेग शेवटपर्यंत जवळपास तोच राहतो, जोर मात्र कमीजास्त होतो. दोन्ही हात वेगवेगळ्या तालात, मान डावी-उजवी, कमरेची पुढेमागे हालचाल.

डोळे. झटका ऐन भरात असताना डोळे घट्ट मिटलेले आणि पापणी उघडायला गेलं की विरोध, हे मानसजन्य बाजूला झुकतं. अपस्मारात डोळे सहसा उघडे असतात. पण "डोळे मिटले होते" हे घरच्यांचं तोंडी वर्णन फार भरवशाचं नाही, व्हिडिओत दिसलं तरच धरा.

झटक्यादरम्यान रडणं, किंवा पूर्ण अंग हलत असतानाचं बोलणं नंतर आठवणं, हेही मानसजन्य बाजूचं. उलट झटक्यानंतर घोरल्यासारखा जड श्वास, कुठे आहोत हे न कळणं, जिभेची कड चावलेली, हे अपस्माराकडे झुकतं. जिभेचं टोक चावणं, कपड्यात लघवी होणं, पडून लागणं हे दोन्हींत होतं. त्यावरून काही ठरवू नका.

एक प्रकार तर कायम निसटतो: हातपाय काहीच उडत नाहीत, माणूस डोळे मिटून सैल पडतो आणि दहा-वीस मिनिटं हाकेला ओ देत नाही. एवढा वेळ, एवढं शांत आणि डोळे मिटून पडणं अपस्मारात किंवा साध्या चक्करेत क्वचितच दिसतं.

यातलं कुठलंही एक लक्षण एकटं पुरेसं नाही. तीन-चार एकाच दिशेला गेली तर संशय घ्या आणि पुढे जा.

कॉलेजरोड_फिजिशियन

कमरेच्या हालचालीवर माझी हरकत. फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांतही ती असते, सोबत सायकल चालवल्यासारखे पाय, ओरडणं, शिव्यासुद्धा. शुद्ध बरीचशी शाबूत, नंतर गोंधळ जवळपास नाही, आणि डोक्यावरून घेतलेला ईईजी कित्येकदा स्वच्छ, कारण उगम खोल असतो आणि वर स्नायूंचा गोंगाट. अशा पेशंटवर "हिस्टेरिया" चा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

फरक असा: फ्रंटल झटका आखूड, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. गाढ झोपेतून येतो, एका रात्रीत अनेकदा येऊ शकतो, आणि दर वेळी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत अगदी तोच. दोन-तीन व्हिडिओ शेजारी लावून बघितले की कळतं. मानसजन्य झटके ढोबळमानाने सारखे असले तरी इतके तंतोतंत नसतात.

आणि तिसरी शक्यता विसरू नका, हृदय. बेशुद्धीच्या साध्या झटक्यात रक्तदाब पडला की काही सेकंद हातपाय उडतात, डोळे वर जातात, घरचे म्हणतात "फिट आली". चेहरा पांढराफटक, उभं असताना किंवा रक्त काढताना झालेलं, अर्ध्या मिनिटात पूर्ण शुद्ध. लाँग क्यूटीसारख्या (हृदयाच्या विद्युत लयीतला दोष) आजारात हा झटका जीवघेणा ठरू शकतो. पळताना, पोहताना किंवा दचकल्यावर आला असेल, घरात कुणी तरुण माणूस अचानक गेला असेल, तर आधी हृदयाचा डॉक्टर. झटके कुठल्याही प्रकारचे असोत, प्रत्येकाचा १२ लीडचा ईसीजी झालाच पाहिजे आणि त्यातलं क्यूटी हे अंतर हाताने मोजलं पाहिजे. त्याहून स्वस्त तपासणी या धाग्यात दुसरी नाही.

सिन्नरफाटा_एमओ

रात्री दोनला १०८ मधून पेशंट उतरतो, सोबत आठ नातेवाईक, अंग उडतंय. ईईजी नाही, न्यूरो नाही. अशा वेळी काय करायचं? आणि प्रोलॅक्टिन (झटक्यानंतर रक्तात वाढू शकणारं हार्मोन) पाठवावं का?

गोदाकाठ_न्यूरो

क्रमाने सांगतो.

आधी श्वासमार्ग, कुशीवर वळवणं, ग्लुकोमीटर. साखर कमी असेल तर बाकी चर्चा नंतर. ऑक्सिमीटर लावा, पण बोट हलत असताना आकडा खोटा येतो. तरंग नीट दिसतोय का बघा, नाहीतर कानाच्या पाळीचं सेन्सर वापरा. पाच मिनिटं अंग जोरात उडूनही ऑक्सिजन ९८ आणि ओठ गुलाबी, हे अपस्माराच्या मोठ्या झटक्यात सहसा बसत नाही.

निफाड-दिंडोरीकडचा पेशंट असेल तर बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, लाळ, घाम, मंद नाडी दिसली तर द्राक्षबागेतल्या फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर गेलं का ते विचारा. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेतही झटके येतात आणि तिथे ॲट्रोपिनला, म्हणजे त्यावरच्या उताऱ्याला, उशीर चालत नाही.

मग घड्याळ. पाच मिनिटांपुढे चाललेला झटका आणि तुम्हाला खात्री नाही, तर पहिला डोस द्या: लोराझेपाम शिरेतून ०.१ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ४ मिग्रॅ. शीर मिळत नसेल तर ४० किलोवरच्या माणसाला मिडाझोलाम १० मिग्रॅ स्नायूत. खरा स्टेटस (न थांबणारा अपस्माराचा झटका) उपचाराविना सोडण्यापेक्षा एक अनावश्यक डोस परवडतो. पण दुसरा, तिसरा डोस आणि मग फेनिटोइन, मग नळी घालून व्हेंटिलेटर, ही साखळी आपोआप चालू ठेवू नका. पीएनईएसच्या पेशंटचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं: झटका औषधाने थांबत नाही म्हणून औषध वाढतं, औषधाने श्वास मंदावतो, आणि अतिदक्षता विभागात भरती होते. पहिल्या डोसनंतर हात थांबवून एक मिनिट बघा. डोळे मिटलेले? पापणीला विरोध? जोर चढउतार? ऑक्सिजन उत्तम? तर खोली शांत करा, एक नातेवाईक सोडून बाकीचे बाहेर, हलक्या आवाजात "तुम्ही सुरक्षित आहात, हे थांबेल" एवढंच, आणि थांबा. त्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा, संमती नातेवाइकांकडून घ्या.

छातीच्या हाडावर मूठ घासणं, नाकात अमोनिया, भूल न देता कॅथेटर घालून "बघू उठते का", हे करू नका. त्याने निदान होत नाही, फक्त जखम होते आणि विश्वास जातो. हात चेहऱ्यावर सोडून बघण्याची जुनी चाचणीही मी शिकवत नाही.

प्रोलॅक्टिन: झटका संपल्यावर १० ते २० मिनिटांत घेतलेलं रक्त, आणि तुलनेसाठी त्याच पेशंटचं सहा तासांनंतरचं. दुपटीहून जास्त वाढ असेल तर अपस्माराचा मोठा किंवा शुद्ध हरपणारा आंशिक (मेंदूच्या एका भागातून उठणारा) झटका असण्याची शक्यता वाढते. नॉर्मल आलं म्हणून अपस्मार नाही, असं म्हणता येत नाही. साध्या बेशुद्धीतही ते वाढतं. गरोदरपण, स्तनपान, मानसिक आजाराच्या काही गोळ्या यांनीही वाढतं. रात्री दोनला वीस मिनिटांत रक्त घेणं जमतं का, हे तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा पहिल्या दोन तासांतलं लॅक्टेट हाताशी असेल तर जास्त उपयोगी, मोठ्या अपस्माराच्या झटक्यानंतर ते ठळक चढतं. सीपीके (स्नायूंना ताण पडल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) दुसऱ्या दिवशी वाढतं, कॅज्युअल्टीत बघून फायदा नाही.

पंचवटी_ईईजी

आमच्या बाजूचं लिहितो.

साधा ईईजी २० ते ३० मिनिटांचा. अपस्मार असलेल्या माणसाचाही पहिला ईईजी निम्म्याच्या आसपास वेळा नॉर्मल येतो. म्हणजे नॉर्मल रिपोर्टने अपस्मार जात नाही. आणि उलटी चूक जास्त महागात पडते: तंद्री लागताना दिसणारे टोकदार तरंग, विकेट स्पाइक (निरुपद्रवी टोकदार तरंग), हाताचा धक्का, सैल इलेक्ट्रोड, या सगळ्याला "एपिलेप्टिफॉर्म", म्हणजे अपस्मारासारखं, म्हणून मोकळं होणं. एकदा तो शब्द फाइलमध्ये गेला की पुढचे सगळे डॉक्टर तोच उचलतात. पूर्वी कुणी "अबनॉर्मल" म्हटलेला ईईजी असेल तर कागदावरचा निष्कर्ष नको, मूळ रेकॉर्डिंग मागवा आणि पुन्हा वाचून घ्या.

तीच गत सीटी स्कॅनची. आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिसची (मेंदूतल्या फीतकृमीच्या अळीची) जुनी कॅल्सिफाइड गाठ एखाद्याच्या मेंदूत सापडणं नवीन नाही. गाठ आहे म्हणजे समोरचा झटका तिचाच, असं गणित नसतं.

तयारी: आदल्या रात्री डोकं शाम्पूने धुऊन कोरडं, तेल नाही, कंडिशनर नाही. गोळ्या नेहमीप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलं तरच बंद. उपाशी येऊ नका, साखर उतरली की ट्रेस (ईईजीचा आलेख) मंद दिसतो. झोप कमी करून या असं सांगितलं असेल तर येताना स्वतः गाडी चालवू नका.

संशय पीएनईएसचा असेल तर साध्या ईईजीतही कॅमेरा लावा. तीन-पाच मिनिटं खोल श्वास आणि चमकणारा दिवा हे नाहीतरी नियमित रेकॉर्डिंगचा भाग आहे. पेशंटला आधी उघडपणे सांगायचं की यात तुमचा नेहमीचा झटका येऊ शकतो, आला तर निदानाला मदतच होईल. कित्येकांना तेवढ्याने झटका येतो आणि तीन दिवसांची भरती टळते.

झटका रेकॉर्ड झाला की काय बघायचं: पेशंट प्रतिसाद देत नाही, डोळे मिटलेले, आणि मागच्या चॅनेलमध्ये जागेपणाचा अल्फा (शांत जागेपणी दिसणारी लय) चालू. इथे जवळपास निकाल लागतो. अंग जोरात हलत असेल तर सगळं स्नायूंच्या गोंगाटाने झाकतं. मग दोन गोष्टी. हालचालीच्या गोंगाटाची वारंवारता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, मध्ये अचानक विराम, की हळूहळू मंदावत गेलेली? आणि थांबल्याक्षणी काय दिसतं? मोठ्या अपस्माराच्या झटक्यानंतर ट्रेस सपाट किंवा मंद होतो. मानसजन्यात लगेच अल्फा परततो.

"झोपेतून झटका येतो" हेही ईईजीवर तपासा. पेशंट झोपलेला दिसतो, ट्रेस मात्र आधी मिनिटभर जागेपणाचा असतो. खऱ्या झोपेतून, ईईजीवर झोपेची नोंद असताना झटका सुरू झाला, तर अपस्मार जास्त संभवतो.

इंदिरानगर_वाचक

खोल श्वासाऐवजी काही ठिकाणी सलाईनचं इंजेक्शन "याने फिट येईल" सांगून देतात. ते चालतं का?

गोदाकाठ_न्यूरो

झटका येतो, पण पेशंटशी खोटं बोलून. नंतर त्याच माणसाला "तुमचा आजार खरा आहे, आमच्यावर विश्वास ठेवा" कसं सांगणार? वर पंचवटींनी सांगितलेला उघड मार्ग असताना गरज नाही.

पंचवटी_ईईजी

+१. आणि फसवून आणलेला झटका कधी कधी नेहमीचा नसतोच. मग हाती आलेलं रेकॉर्डिंग काय कामाचं?

यावरूनच सर्वात महत्त्वाचं पाऊल, जे घाईत राहून जातं: झटका रेकॉर्ड झाला की घरी जो माणूस झटके बघतो त्याला व्हिडिओ दाखवा आणि विचारा, "घरी होतो तो हाच का?" "हो, अगदी हाच" असं आलं तरच निदान. "नाही, घरचा वेगळा असतो" असं आलं तर काम अजून बाकी आहे.

भरती करून व्हिडिओ ईईजी करताना चादर बाजूला, दिवा चालू, नातेवाइकांनी कॅमेऱ्यासमोर गर्दी करायची नाही. झटका सुरू होताच बटण दाबा, नाव विचारा, हात वर करायला सांगा आणि दोन शब्द द्या, उदाहरणार्थ "पिवळी बैलगाडी". शुद्धीवर आल्यावर शब्द विचारा. आठवले तर ते आवाजात नोंदवा. ईसीजीचा चॅनेल लावायला विसरलात तर हृदयाचं कारण कायमचं अंधारात राहतं.

देवळाली_पालक_गट

घरून व्हिडिओ कसा घ्यायचा ते कुणीतरी ओळीने लिहा. व्हॉट्सॲपवर येणारे बहुतेक व्हिडिओ रडणाऱ्या माणसांचे आणि छताचे असतात.

सिन्नरफाटा_एमओ

एक जण पेशंटजवळ, दुसरा फोनवर. आधी कुशीवर, डोक्याखाली मऊ काही, जवळचं टेबल-गॅस बाजूला, तोंडात काही घालायचं नाही. मग फोन आडवा, दिवा लावा, पांघरूण काढा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग चौकटीत. मध्येच काही सेकंद चेहऱ्याजवळ, डोळे उघडे की मिटलेले ते दिसलं पाहिजे. मोठ्याने वेळ बोला. एकदा नावाने हाक मारा, दोन शब्द सांगा. झटका थांबल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नका, पुढची तीन-चार मिनिटं श्वास कसा आहे आणि पहिला शब्द काय बोलतो, हे सुरुवातीइतकंच महत्त्वाचं आहे. व्हिडिओ डॉक्टरांना द्या, घरच्या ग्रुपवर नको.

आणि कांदा. लासलगावचा कांदा भाजीत घाला, नाकाला लावू नका. "कांदा लावला आणि उठली" हे खरं वाटतं, कारण दीड-दोन मिनिटांत झटका तसाही थांबणारच असतो. चप्पल, किल्ल्या, लोखंड सगळ्याचं तेच.

कॉलेजरोड_फिजिशियन

निदानाच्या खात्रीच्या पायऱ्याही इथे नोंदवून ठेवू, म्हणजे रेफरल चिठ्ठीत आपण नक्की काय म्हणतोय ते कळेल. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या म्हणजे आयएलएईच्या कार्यगटाने २०१३ साली चार पायऱ्या दिल्या. झटका फक्त साक्षीदाराने किंवा पेशंटने सांगितलेला, दोन झटक्यांच्या मधल्या काळातला ईईजी नॉर्मल: "शक्य". डॉक्टरने प्रत्यक्ष किंवा व्हिडिओत पाहिलेला, मधला ईईजी नॉर्मल: "संभाव्य". झटक्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरने पाहिलेला आणि नेहमीच्या झटक्यादरम्यान साध्या किंवा सोबत नेण्याच्या ईईजीवर काही नाही, पण व्हिडिओ सोबत नव्हता: "वैद्यकीयदृष्ट्या प्रस्थापित". अनुभवी डॉक्टरने व्हिडिओ ईईजीवर पाहिलेला, झटक्याआधी, दरम्यान, नंतर ट्रेस स्वच्छ: "नोंदीने सिद्ध".

याचा अर्थ सुरगाण्यात किंवा पेठमध्ये चांगला मोबाईल व्हिडिओ आणि एक नॉर्मल ईईजी एवढ्यावरही "संभाव्य" पर्यंत जाता येतं, आणि मानसोपचार तिथूनच सुरू करता येतो. सिद्ध होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. फक्त अपस्माराच्या गोळ्या पूर्ण बंद करायचा निर्णय वरच्या पायऱ्यांवर ठेवा.

मुंबईत केईएम, बंगळुरूला निम्हान्स, तिरुवनंतपुरमला श्रीचित्रा येथे लांब रेकॉर्डिंग होतं. गावात एखाद्या केंद्राची चौकशी करताना विचारा: कॅमेरा सलग चालतो का, रात्री टेक्निशियन असतो का, ईसीजी चॅनेल असतो का, झटक्याचं मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देता का. चारपैकी दोन उत्तरं "नाही" आली तर पुढचा फोन लावा.

गोदाकाठ_न्यूरो

चांगलं लिहिलंत. एक भर. पीएनईएसच्या पेशंटांपैकी साधारण पाचांत एकाला खरा अपस्मारही असतो. म्हणून प्रश्न "हा की तो" असा नसतोच. कागदावर झटक्यांचे प्रकार वेगळे लिहा: प्रकार एक, उभ्याने ताठ होऊन पडतो, शेवटचा कधी, प्रकार दोन, आधी छातीत धडधड मग अंग उडतं, आठवड्यात किती. जो प्रकार रेकॉर्ड झाला त्याचंच निदान झालं. दुसरा राहिला असेल तर त्याच्या गोळीला हात लावायचा नाही.

शिवाय पूर्ण शुद्धीतले छोटे आंशिक झटके, म्हणजे फक्त एका हाताला मुंग्या किंवा पोटातून वर काही चढल्यासारखं, डोक्यावरच्या ईईजीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. तिथे स्वच्छ ट्रेसवरून मानसजन्य म्हणणं धोक्याचं.

मनोविकास_गंगापूररोड

इथून पुढचं माझं क्षेत्र. (क्लिनिकल सायकॉलॉजी.)

आधी एक गैरसमज. "आयुष्यात काही आघात सापडला म्हणजे मानसजन्य" हे चूक, आणि "काही सापडलं नाही म्हणजे नाही" हेही चूक. बऱ्याच जणांत लहानपणचा छळ, लैंगिक अत्याचार, सासरचा जाच, परीक्षेचा ताण असं काही असतं, काहींत नसतं. मोठ्यांत बायका साधारण तीन चतुर्थांश, म्हणून पुरुष पेशंटचं निदान आणखी उशिरा होतं. इतिहास एकांतात घ्या, नवरा किंवा सासू समोर बसलेली असताना नाही. १८ वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो (मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि "हे मी कुणाला सांगणार नाही" असं आधी वचन देऊन बसू नका.

निदान सांगणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे. घाईत काय होतं? "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." पेशंट ऐकतो की मी खोटारडी आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलात जातो. त्याऐवजी न्यूरोच्या डॉक्टरांनी स्वतः, शक्यतो व्हिडिओ दाखवून, साधारण असं सांगावं:

"हे झटके खरे आहेत आणि तुम्ही मुद्दाम करत नाही. आम्ही झटका चालू असताना मेंदूचा आलेख बघितला, त्यात अपस्मार नाही, ही चांगली बातमी. ताण सहन करण्याची मर्यादा ओलांडली की मेंदू काही वेळ शरीरावरचा ताबा सोडतो, घरातला फ्यूज उडतो तसा. हा आजार बऱ्याच जणांना असतो. फिटच्या गोळ्यांनी तो जात नाही, त्यासाठी वेगळे उपचार आहेत आणि ते कोण करणार, कधी, हे आत्ता ठरवू."

शेवटचं वाक्य गाळू नका. न्यूरोने "मानसोपचार घ्या" म्हणून चिठ्ठी दिली आणि स्वतः पुढची तारीख दिली नाही, तर पेशंट टाकून दिल्यासारखा होतो. एक तारीख न्यूरोचीही ठेवा. नीट सांगितल्यावर काहींचे झटके तेवढ्यानेच थांबतात, काहींचे सुरुवातीला वाढतात. दोन्ही आधी सांगून ठेवा.

उपचारात मुख्य सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारा बोलका मानसोपचार. झटक्याआधीची चाहूल ओळखणं (धडधड, मुंग्या, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं), त्या क्षणी लक्ष बाहेर खेचणं: पाय जमिनीवर घट्ट, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने, हातात थंड पाण्याची बाटली, श्वास सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ. मग टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परतणं, एकटीने बसने जाणं, गर्दीत जाणं. सोबतचं नैराश्य, पॅनिक, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) यांचे उपचार वेगळे, गरज लागली तर गोळ्यांसह. आत्महत्येचे विचार पहिल्याच भेटीत थेट विचारा.

अपेक्षा वास्तवात ठेवा. ब्रिटनमधल्या कोड्स चाचणीत ३६८ पेशंट होते, निकाल २०२० मध्ये आले. बारा महिन्यांनी महिन्याला येणाऱ्या झटक्यांच्या संख्येत सीबीटी गट आणि नेहमीच्या चांगल्या वैद्यकीय देखरेखीचा गट यांत ठोस फरक निघाला नाही. पण सलग झटक्याविना गेलेला काळ, रोजचं जगणं, झटक्यांचा होणारा त्रास यांत सीबीटी गट पुढे होता. घरच्यांना "दहा सेशनमध्ये बंद" असं सांगितलं तर अकराव्या सेशनला कुणी येणार नाही.

सुरगाणा_आशा_ताई

पाड्यावर पहिला सल्ला भगताचा असतो. "अंगात येतं" आणि हा आजार यात आम्ही फरक कसा करायचा? सरळ नाही म्हटलं तर लोक आमचंच ऐकणं सोडतात.

मनोविकास_गंगापूररोड

ताई, नाही म्हणूच नका. वणीच्या गडावर चैत्रात किंवा घरच्या देवकार्यात अंगात येतं, वेळेवर येतं, वेळेवर जातं, त्या समाजाला ते मान्य असतं, त्याने शाळा-शेती-संसार अडत नाही. त्याला आजार म्हणायचं कारण नाही, आयसीडी-११ सुद्धा तसं म्हणत नाही. पण देवकार्याबाहेर, शेतात, शाळेत, चुलीपाशी, नको असताना वारंवार येत असेल, लागत असेल, शाळा सुटत असेल, तर दवाखाना. "देवाचं देवाला, पण अंगाची तपासणी एकदा करून घेऊ" एवढं बोलून बघा.

चटके देणं, मारणं, मिरचीची धुरी, कोंडून ठेवणं हे मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. रात्रीबेरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेली मानसचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलतात.

इंदिरानगर_वाचक

निदान पक्कं झाल्यावर गोळ्या लगेच बंद?

गोदाकाठ_न्यूरो

अपस्मार कधीच नव्हता हे पक्कं असेल तरच, आणि एका वेळी एक. क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोन अचानक बंद केले तर ज्याला अपस्मार नाही त्यालाही खरी फिट येऊ शकते. क्लोबाझाम दर एक-दोन आठवड्यांनी ५ मिग्रॅ कमी, फेनोबार्बिटोनला काही महिने. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते आधी उतरवा, गर्भावर त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत. लेव्हेटिरासिटामने चिडचिड, उदासी वाढते, मग त्याचा दोषही पेशंटच्या "स्वभावा"ला लागतो. उतरवताना नवीन प्रकारचा झटका आला तर थांबा, व्हिडिओ घ्या, पुन्हा ईईजी. गोळ्या घरी स्वतःहून कमी करायच्या नाहीत.

देवळाली_पालक_गट

लायसन्स आणि लग्न हे दोन प्रश्न दर बैठकीला येतात.

कॉलेजरोड_फिजिशियन

लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये प्रश्न अपस्मार किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं, असा आहे. म्हणजे "अपस्मार नाही" म्हणून सुटका नाही. झटके चालू असेपर्यंत गाडी नको, तीच गोष्ट सातपूर-अंबडच्या प्रेस मशीनची आणि विहिरीवर एकटं जाण्याची. हिंदू विवाह कायद्यातून लग्नातली अडचण म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने निघाला, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं कलम दाखवून कुणी घाबरवत असेल तर त्याला तारीख सांगा.

सिन्नरफाटा_एमओ

निदान झालेल्या पेशंटसाठी पाकिटात ठेवायचं कार्ड करतोय, जेणेकरून रात्रीच्या ड्यूटीवाल्याने नळी घालू नये. मजकूर असा: "निदान: मानसजन्य झटके, व्हिडिओ ईईजीने सिद्ध, महिना-वर्ष. झटका २० मिनिटांपर्यंत चालू शकतो. कुशीवर ठेवा, शांत बोला, धरून दाबू नका. ऑक्सिजन ९४ च्या वर असेल तर फिटचं इंजेक्शन नको. जखम, निळे ओठ, झटका नेहमीपेक्षा वेगळा, किंवा गरोदर असल्यास तपासा." खाली डॉक्टरांचा फोन.

गोदाकाठ_न्यूरो

दोन बदल करा. ज्याला अपस्मारही आहे त्याच्या कार्डावर दोन्ही प्रकारांचं वर्णन वेगवेगळं छापा आणि अपस्माराच्या झटक्याचा डोस लिहा, नाहीतर हे कार्ड त्याच्या जिवावर बेतेल. आणि "साखर तपासा" ही ओळ पहिली घ्या, इंजेक्शनच्या ओळीच्या वर.